शाळेत पॅनेल आले, नेट आले, तरी वर्ग का थांबतो? नियोजनातल्या या चुका टाळा

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्या आठवड्यात मी दरवर्षी तीन-चार शाळांमध्ये फक्त यंत्रे चालू करून द्यायला जातो. नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातल्या एका शाळेत प्रवेशोत्सवाची रांगोळी पॅनेलच्या, म्हणजे बोटाने चालणाऱ्या मोठ्या डिजिटल फळ्याच्या, खोलीच्या दारात काढली होती. सहावीची मुले चपला बाहेर काढून, मांडी घालून वाट बघत बसली होती. पॅनेल लागेना. इन्व्हर्टरच्या बॅटरीची झाकणे उघडली तर सहाही कप्पे कोरडे. टिनाच्या छताखाली, बंद खोलीत, ४५ अंशांच्या पुढचा मे महिना त्या बॅटरीने काढला होता. बाई म्हणाल्या, "यात पाणी टाकावं लागते, हे आम्हाले कोणी सांगितलंच नाही जी."

बाईंची त्यात काहीच चूक नव्हती. त्या खोलीची योजना ज्यांनी आखली, त्यांनी ती उद्घाटनाच्या दिवसासाठी आखली होती. मी स्वतः जिल्हा परिषदेचा शिक्षक. तंत्रस्नेही म्हणून गेली काही वर्षे आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शाळांचे आराखडे लिहायला मदत करतो, आणि सगळ्यांना एकच विनंती करतो. योजना तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या एखाद्या साध्या मंगळवारसाठी लिहा. त्या दिवशी पाऊस पडतोय, वीज येतेय-जातेय, यंत्र मागवणाऱ्या सरांची बदली झालीय आणि गणिताचा तास सुरू आहे. त्या तासाला यंत्र चालले, तर पैसा सार्थकी लागला.

वीज न मोजता यंत्र मागवणे

सर्वात महागात पडणारी चूक हीच, आणि ती सगळ्यात जास्त वेळा होते. मागणीपत्रात पॅनेल असते, टॅब असतात. खोलीत थ्री-पिन प्लग किती आणि अर्थिंग आहे का, हे कुठेच नसते. जुन्या इमारतींत प्लगला तिसरे भोक असते, पण त्याच्या मागे वायरच नसते. वायरमनला बोलावून मल्टिमीटर लावायला सांगा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर आधी अर्थिंगचा खड्डा करून घ्या. मान्सूनपूर्व वादळांत आमच्याकडे जेवढे राउटर जळाले, त्यातले बरेच याच कारणाने जळाले.

शेतीपंप सुरू झाले की काही गावांत व्होल्टेज १७० पर्यंत उतरते. म्हणून वेगवेगळ्या वेळी आठवडाभर व्होल्टेज लिहून ठेवा आणि मगच स्टॅबिलायझर ठरवा.

बॅकअपचा हिशेब तर पाचवीच्या मुलालाही जमेल. ७५ इंची पॅनेल साधारण ३०० वॅट, लॅपटॉप ६०, राउटर आणि फायबरचा डबा मिळून २०. झाले ३८० वॅट. १२ व्होल्ट, १५० अँपियर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, पण हाती लागतात ११०० च्या आसपास. म्हणजे नवी असताना जेमतेम तीन तास. दोन-तीन उन्हाळे काढल्यावर दीड तास मिळाला तरी पुष्कळ. त्यावर पंखेही जोडले असतील तर तेवढेही विसरा. कंत्राटदार "दिवसभर चालते" म्हणाला, तर हाच हिशेब त्याच्यापुढे मांडा.

सौर संचाबद्दल इथे जरा थांबून सांगतो, कारण यात चांगल्या चांगल्या लोकांची फसगत होते. नेट मीटरिंगचा (जादा वीज महावितरणला देऊन ती बिलातून वळती करणारा) साधा ऑन-ग्रिड संच वीजबिल कमी करतो, पण महावितरणची वीज गेली की तोही बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. छतावर कडक ऊन आणि खाली वर्गातला डिजिटल फळा बंद, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वीज गेल्यावरही वर्ग चालू राहायला हवा असेल, तर बॅटरीसह हायब्रिड संच मागा आणि तसे निविदेत स्पष्ट लिहा.

वीजबिलावर दरवर्गही बघून घ्या. शासकीय शाळांसाठी सार्वजनिक सेवेचा वेगळा वर्ग आहे. मीटर चुकून व्यावसायिक दरात असेल तर एक अर्ज करून तो बदलून मागता येतो. यंत्रे वाढली की बिल वाढणार, आणि बिल थकले की वीज तोडली जाणार. त्या दिवशी सगळी गुंतवणूक भिंतीवरचा काळा आरसा होऊन बसते.

गावात फायबर आले म्हणजे वर्गात आले, असे धरून चालणे

भारतनेट या केंद्र सरकारच्या योजनेचे फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येते. शाळा तिथून कधी ३०० मीटरवर, कधी नाल्यापलीकडे. मधली वायर कोणी टाकायची, खांब कोणाचे, तुटली तर फोन कोणाला करायचा, हे ठरलेले नसते आणि आराखड्यात मात्र 'इंटरनेट उपलब्ध' असे लिहिले जाते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व शासकीय माध्यमिक शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. ती चांगलीच आहे. पण आपल्या जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा प्राथमिक आणि उच्च प्राथमिक. त्यांच्यासाठी शेवटच्या टप्प्याचा खर्च आपल्यालाच वेगळा दाखवावा लागेल.

अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून शाळा-ग्रंथालयांसाठी ई-रेट नावाचा निधी उभा राहिला. त्यात शाळेपर्यंतची जोडणी आणि शाळेच्या आतली जोडणी असे खर्चाचे दोन वेगळे गट आहेत. ही एवढी गोष्ट आपण जशीच्या तशी उचलावी. 'नेट' असा एकच आकडा न लिहिता तीन ओळी लिहा: गावापासून शाळेच्या भिंतीपर्यंत, भिंतीपासून वर्गापर्यंत, आणि दर महिन्याचे बिल.

भिंतीपासून वर्गापर्यंतचा टप्पा सगळे विसरतात. नागपूर शहरातल्या एका जुन्या शाळेत राउटर मुख्याध्यापकांच्या खोलीत होता आणि टॅबचा वर्ग दोन जाड विटांच्या भिंतींपलीकडे. घरगुती राउटरवर १५-२० उपकरणे ठीक चालतात. तिथे ३० टॅब एकदम जोडले जायचे. वेगवान प्लॅन घेऊनही उपयोग झाला नाही. वर्गापर्यंत केबल ओढून तिथेच ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा वेगळा डबा) बसवला, तेव्हा जुन्याच प्लॅनवर काम झाले.

किती वेग लागतो? साध्या दर्जाचा व्हिडिओ एका टॅबला साधारण दीड एमबीपीएस घेतो. ३० टॅबवर वेगवेगळे व्हिडिओ चालले तर ४५. पण एका पॅनेलवर सगळी मुले मिळून एकच व्हिडिओ बघत असतील, तर पाच एमबीपीएस खूप झाले. दोन शिक्षकी शाळेला १०० चा प्लॅन विकणाऱ्याला हे विचाराच. स्पीड टेस्ट मात्र शाळा भरलेली असताना, ११-१२ वाजता, वर्गातच करा.

देवलापारकडच्या जंगलपट्ट्यात किंवा पारशिवनीच्या पेंचकाठी सिग्नल येतो-जातो. तिथे नेटच्या भरवशावर धडा ठेवणे हा मुलांवर अन्याय आहे. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे साहित्य आधी उतरवून ठेवता येते. शनिवारी केंद्रशाळेत नेट मिळत असेल तर आठवड्याचे तिथे उतरवून घ्या. रामटेकच्या बाजूला माकडे उघड्या केबलला लोंबकळतात, म्हणून बाहेरची प्रत्येक वायर पाइपातून न्या.

जिल्हा किंवा तालुका पातळीवर बसून आराखडा करणाऱ्यांनी यू-डायसवरच्या (शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवरच्या) 'आहे/नाही' या एका खुणेवर विसंबू नये. "मागच्या महिन्यात शाळेच्या किती दिवशी नेट चालले?" एवढे विचारा. त्या उत्तरावरून हिंगण्याच्या एमआयडीसीलगतच्या शाळेला आणि भिवापूरच्या टोकाच्या शाळेला एकच संच का पाठवू नये, हे लगेच कळेल.

"नेट आहे जी, पण चालत नाही"

हा फोन मला सगळ्यात जास्त येतो. तक्रार नोंदवण्याआधी या क्रमाने बघा.

फायबरच्या डब्यावर LOS (लॉस) लिहिलेला लाल दिवा लागला असेल, तर बाहेर फायबर तुटले आहे. शाळेत काहीही करून उपयोग नाही, कंपनीला कळवा. लाल दिवा नसेल, तर लॅपटॉप थेट वायरने राउटरला जोडा. वायरवर नेट नीट चालले, तर दोष वायफायचा: अंतर, भिंत किंवा उपकरणांची गर्दी.

सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात सगळे काही मंद झाले, तर बहुधा सारे टॅब एकाच वेळी अपडेट उतरवत असतात. शाळा सुटल्यावर पाच-पाच टॅब लावून अपडेट करा आणि आपोआप अपडेट होण्याची सोय बंद ठेवा. एखाद्याच टॅबवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असे येऊन संकेतस्थळ उघडत नसेल, तर आधी त्याची तारीख बघा. महिनोन्महिने बंद पडलेल्या टॅबमध्ये तारीख मागे गेलेली असते; ती दुरुस्त केली की सगळे उघडते. जुन्या डेस्कटॉपला हेच पुन्हा पुन्हा होत असेल, तर आतला नाण्याएवढा सेल बदला.

पॅनेलवर बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे उमटते, किंवा हात न लावताच काहीतरी उघडते? चौकटीच्या आतल्या कडेला खडूची भुकटी साचलेली असते, किंवा खिडकीतून थेट ऊन पडत असते. पॅनेल बंद करून कोरड्या मऊ कापडाने कडा पुसा, पडदा लावा. एका शाळेत अभियंता येईल म्हणून तीन आठवडे पॅनेल बंद ठेवले होते. काम रुमालाने झाले.

मार्च एंडच्या घाईत खरेदी, आणि पुढच्या वर्षांसाठी शून्य रुपये

निधी फेब्रुवारीत येतो, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. यंत्रे मार्चअखेरीस येतात, तेव्हा आपली सकाळची शाळा सुरू असते. मग परीक्षा, मग सुट्टी. वॉरंटी पुरवठ्याच्या तारखेपासून मोजली तर एकाही मुलाने यंत्र बघण्याआधी तिचे तीन महिने संपलेले असतात. म्हणून जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर मागणी टाकताना वॉरंटी बसवून चालू केल्याच्या तारखेपासून आणि दुरुस्ती शाळेत येऊनच, या दोन अटी घाला. यंत्रांची वैशिष्ट्ये डिसेंबरमध्येच लिहून तयार ठेवा.

चालवण्याच्या खर्चाबद्दल सरकारी निकषच बोलका आहे. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेत आयसीटी (संगणक) प्रयोगशाळेसाठी एकदाच ६.४० लाखांपर्यंत, आणि पुढे पाच वर्षे दरवर्षी २.४० लाखांपर्यंत अशी तरतूद आहे. पाच वर्षांचे १२ लाख. म्हणजे घेण्यापेक्षा चालवण्याला जवळजवळ दुप्पट लागतात, हे दिल्लीतल्या निकषानेही मान्य केले आहे. लोकवर्गणीतून किंवा सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक निधीतून) पॅनेल मिळते, तेव्हा हा दुसरा भाग कोणीच देत नाही. ३१ ते १०० पटाच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५,००० रुपये. महिना ६०० रुपयांचा नेट प्लॅन जीएसटीसह वर्षाला ८,४९६ होतो. अनुदानाचा तिसऱ्याहून मोठा हिस्सा एका बिलात गेला. खडू, झाडू, डागडुजी अजून बाकीच आहे. देणगीदार दारात उभा असताना "एक पॅनेल कमी द्या, पण तीन वर्षांचे नेट आणि एक जादा बॅटरी द्या" हे म्हणायची हिंमत मुख्याध्यापकांनी दाखवलीच पाहिजे. मी दोनदा हे बोललो. दोन्ही वेळा देणगीदाराने ऐकले.

सगळे एकाच सरांच्या मोबाईलवर

वायफायचा पासवर्ड, ॲपचे खाते, कंपनीकडे नोंदवलेला नंबर, सगळे उत्साही तंत्रस्नेही सरांच्या नावावर. सरांची बदली नरखेडला झाली की ओटीपी तिकडे आणि राउटर इकडे. शाळेच्या नावाचा एक ईमेल आणि एक सिम ठेवा. पासवर्ड वहीत लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा आणि पदभार देता-घेताना त्या वहीवर दोघांच्या सह्या घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक असतात. गावातला एखादा वायरमन किंवा मोबाईल दुरुस्त करणारा पालक त्यात असेल, तर त्यालाही सगळे दाखवून ठेवा.

कोणत्या धड्यासाठी, हे न ठरवता

लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांनी २०१३ मध्ये प्रत्येक मुलाला आयपॅड द्यायचे ठरवले. काही आठवड्यांतच मुलांनी त्यावरची कुलपे मोडली, आणि पुढच्याच वर्षी तो करार थांबवावा लागला. पैशाची कमी नव्हती; वर्गात काय करायचे, याची तयारी कमी पडली. आपल्याकडे निदान एवढे तरी करता येईल: खरेदीआधी प्रत्येक शिक्षकाने आपल्या विषयातले असे तीन धडे लिहावेत, जिथे फळा-खडू अपुरा पडतो. भूमितीतले फिरवून बघायचे घन, रक्ताभिसरण, नकाशा. ज्या शाळेतून हे तीन धडे आले, तिला आधी यंत्र द्या. मग केंद्रातल्या बाकीच्या शिक्षकांना तिथे नेऊन प्रत्यक्ष तास दाखवा. सभागृहातल्या दिवसभराच्या प्रशिक्षणापेक्षा असा एक तास जास्त शिकवतो.

मुलांची नावे आणि फोटो कुठल्याही फुकट ॲपमध्ये भरण्याआधी पालकांना विचारा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आणि कोपऱ्यात पडलेल्या मृत संगणकांचे निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करणे, लांबवू नका. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये ते जिवंत असतात, म्हणून वर आकडा चांगला दिसतो आणि नव्या मागणीत शाळा मागे पडते.

उन्हाळी सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी एक तास याच कामासाठी राखून ठेवा. बॅटरी पूर्ण चार्ज करा, डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरा, इन्व्हर्टर बंद करा. टॅब साधारण अर्धे चार्ज करून टिनाखालच्या खोलीतून पक्क्या छताच्या खोलीत हलवा. राउटर आणि पॅनेलचे प्लग भिंतीतून उपसून ठेवा. मेच्या मध्यावर एकदा येऊन बॅटरी पुन्हा कोण चार्ज करणार आणि खोलीची चावी कोणाकडे राहणार, ही दोन नावे दारावर लिहून चिकटवा.