हिराकस आणि मामांचा केवडा पडलेला ऊस

पहिल्याच महिन्यातला मूर्खपणा आधी सांगतो. बी.एस्सी. करून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका गॅल्व्हनायझिंग कारखान्यात लागलो होतो. जस्त चढवण्याआधी लोखंडाचा गंज गंधकाम्लाच्या टाकीत काढतात, त्याला पिकलिंग म्हणतात. टाकीत लोह साठत गेलं की आम्ल मंदावतं. असं थकलेलं आम्ल चुन्याने मारलं की उरतो नुसता गाळ, आणि तो उचलायलाही वर पैसे मोजा. त्यापेक्षा त्यात स्वच्छ भंगार सोडून शिल्लक आम्ल संपवायचं, गरम असतानाच गाळायचं आणि थंड होऊ द्यायचं. सकाळी टाकीच्या कडेला पोपटी खडे. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट! (भंगार विरघळताना हायड्रोजन निघतो, तिथे बिडी ओढणाऱ्याला हात जोडा आणि बाहेर काढा.)

निपाणीकडे मामांच्या उसावर केवडा पडला होता, म्हणजे लोह कमी पडून पानं पिवळीपांढरी. त्यावर हिराकसच फवारतात. मी पाच किलोची पिशवी भरली. टाकीवरच्या अण्णांनी ती काढून घेतली आणि विचारलं, "रिजेक्ट माल कुठल्या टाकीत सोलता?"

त्याच! जस्त नीट न बसलेला माल ते जस्त उतरवायला पुन्हा त्याच आम्लात टाकायचो, म्हणजे जस्त आणि त्यातलं थोडं शिसंही आम्लात. शुद्ध हिराकसात लोह सुमारे २० टक्के असतं. आमच्यात आणखी काय काय होतं, ते कुणी तपासलंच नव्हतं. पुढे सोलायची टाकी वेगळी केली. आता हिराकस सांडपाणी शुद्धीकरणाला जातं, शेताला नाही.

नवीन मुलांनो, मुलाखतीत समीकरणं सगळेच सांगतात. टायट्रेशनने शिल्लक आम्ल आणि विरघळलेलं लोह काढायचा हात बसवा. २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम वाचा: साठा साधारणपणे ९० दिवसांच्या वर नाही, टँकरसोबत फॉर्म १० (कचरा कुठून कुठे चालला त्याचा कागद) हवा, आणि कचरा कच्चा माल म्हणून वापरायचा तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागतेच. कागद कंटाळवाणे आहेत, पण कारखान्याला टाळं त्यांच्यावरूनच लागतं.

कन्नडही कामापुरतं तरी यायला हवं. अण्णांचं पहिलं वाक्य होतं, "आधी नीरु, मग अॅसिड." नीरु म्हणजे पाणी. उलटं केलं तर आम्ल उसळून तोंडावर येतं.

मामा अजून निपाणीच्या दुकानातूनच हिराकस आणतात. "भाचा हिराकसाच्या कारखान्यात, आणि आम्ही पैसे मोजतोय," असं दर हंगामाला ऐकवतात.