कुल्ल्यातली कळ आणि पिरिफॉर्मिस : या चुका टाळा

पेशंट खुर्चीत कसा बसतो यावरूनच मला निम्मा अंदाज येतो. सगळा भार एका कुल्ल्यावर, दुसरा किंचित उचललेला. कोथरूडमधले असेच एक काका आले आणि एमआरआयची भलीमोठी पिशवी टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, मणक्यात गॅप आलाय." मी म्हटलं, पिशवी बघू नंतर, आधी एका बोटानं दाखवा, दुखतंय कुठे? बोट कंबरेवर गेलंच नाही. उजव्या कुल्ल्याच्या मधोमध जाऊन रुतलं.

तिथे खोलवर पिरिफॉर्मिस नावाचा एक छोटा स्नायू असतो. आकार पेर फळासारखा, म्हणून लॅटिनमधून आलेलं हे नाव. माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडापासून निघून तो खुब्याच्या बाहेरच्या, हाताला लागणाऱ्या हाडाला चिकटतो. शरीरातली सर्वांत जाड नस, म्हणजे सायटिक नर्व्ह, बहुतेकांच्या शरीरात याच्या खालून जाते. काहींच्या मात्र तिचा एक भाग स्नायूच्या आरपार जातो. स्नायू आखडला, सुजला की नस चिडते आणि मांडीच्या मागून मुंग्या नाहीतर कळ उतरते. 'पिरिफॉर्मिस सिंड्रोम' हे नाव १९४७ पासून वापरात आहे, तरी अजूनही त्यावर शिक्कामोर्तब करणारी एकच एक चाचणी नाही.

म्हणून पहिली चूक रिपोर्टवर निर्धास्त विसंबण्याची. चाळिशीनंतर ज्यांना काहीही दुखत नाही अशांच्याही एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली दिसते. रिपोर्टमध्ये फुगवटा आहे म्हणजे दुखणं त्याचंच, असं नाही. वाकल्यावर, खोकल्यावर, शिंकल्यावर कळ पायात जात असेल, पावलापर्यंत बधिरपणा असेल, तर मणक्याचा संशय वाढतो. दुखण्याचं केंद्र कुल्ल्यात असेल, अर्धा तास बसलं की वाढत असेल आणि उठून चार पावलं चाललं की जरा हायसं वाटत असेल, तर पिरिफॉर्मिसकडे बघावं लागतं. तरी यातली एकही खूण एकटी पुरेशी नाही. पाय खुब्यात वाकवून, आत वळवून, दुसऱ्या पायाच्या दिशेनं नेऊन आम्ही तपासतो. पाठ, खुबा आणि मांडीमागचा स्नायू तपासून दुखणं तिथलं नाही याची खात्री करतो, आणि मग उरतं ते हे निदान.

उलटी चूकही आहे. व्हिडिओ बघून "मला पिरिफॉर्मिसच आहे" असं ठरवून येणारे हल्ली वाढलेत. एका तरुणाचं दुखणं तर मांडीमागच्या स्नायूच्या मुळाशी होतं आणि तो दोन महिने भलत्याच जागी ताण देत बसला होता.

एक गोष्ट मात्र घरी तपासत बसायची नाही. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसण्याच्या जागेवर बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद गेली, किंवा पाऊल उचललं जात नसल्यानं चप्पल निसटायला लागली, तर फिजिओकडेही येऊ नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप किंवा वजन घटणं सोबत असेल, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तरी आधी डॉक्टर.

आता काकांच्या मागच्या खिशाकडे वळू. पुण्यात दुचाकी म्हणजे दुसरे पाय, आणि मागच्या खिशात फुगलेलं पाकीट म्हणजे पुरुषांचा हक्क! सिंहगड रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर त्या पाकिटावर बसलं की एक कुल्ला वर, एक खाली, आणि कोपरा नेमका त्या स्नायूवर. दहा मिनिटं व्यायाम करायचा आणि दिवसाचे आठ तास त्याच जागेवर दाब द्यायचा, असा हिशेब जमत नाही. हिंजवडीच्या आयटीवाल्यांना मी औषधाआधी एवढंच सांगते : दर अर्ध्या तासानं उठा, पाण्याची बाटली भरून आणा. बाटली छोटी ठेवा म्हणजे फेऱ्या आपोआप होतात. मांडी घालून बसावं का, असं काकू विचारतात. दुखणं तीव्र असताना फार वेळ नको, पाट किंवा उशी घ्या. बरं वाटलं की खुशाल बसा.

सर्वांत जास्त नुकसान मात्र मी 'जोरात ताण द्या' या सल्ल्यानं झालेलं पाहिलं आहे. चिडलेल्या नसेला ओढलेलं आवडत नाही. उताणं झोपा, दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि खालची मांडी हातांनी हळू छातीकडे घ्या. कुल्ल्यात ताण जाणवावा, कळ येऊ नये. तीस सेकंद, तीन वेळा, दिवसातून दोनदा पुरे. पायात मुंग्या उतरल्या तर तिथेच थांबा. टेनिसचा चेंडू कुल्ल्याखाली घेऊन दाबण्याचंही तसंच : मुंग्या आल्या म्हणजे चेंडू नसेवर आहे, सरकवा. एका ताईंनी चेंडूऐवजी लाटणं वापरलं होतं. त्यांना दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना.

"नस चढलीय, बसवून देतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. नस जागची हलत नाही, ती बसवता येत नाही, आणि तिथे अंगठ्यानं जोर लावला की ती आणखी चिडते. मेडिकलमधून आपल्या मनानं गोळ्या घेत राहणंही नकोच. ॲसिडिटी, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर अजिबात नाही. महिनोन् महिने फरक पडला नाही, तर सोनोग्राफीच्या मदतीनं स्नायूत इंजेक्शन देतात. ऑपरेशनची वेळ क्वचितच येते.

विश्रांतीच्या बाबतीत पुणेकर दोन टोकांना राहतात. काही जण पंधरा दिवस पलंगावर, तर काही जण जरा बरं वाटलं की रविवारी थेट सिंहगडावर. पलंगावर पडून स्नायू आणखी आखडतो; चढावर त्याच्यावर अचानक भार येतो. आधी सपाट रस्त्यावर रोज थोडं चाला. मग पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, हे कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूंना ताकद देणारे व्यायाम सुरू करा, कारण ते आळशी झाले की त्यांचं काम या छोट्या स्नायूवर पडतं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या नंतर. आणि कळ थांबली म्हणून हे व्यायाम सोडू नका. ताकद यायला काही आठवडे लागतात, कळ त्याआधीच गेलेली असते.

काकांनी पाकीट पुढच्या खिशात टाकायचं कबूल केलं, पण ते तिथे मावेना. माझ्या टेबलावर रिकामं केलं तेव्हा त्यातून पैसे थोडे आणि पेट्रोलच्या पावत्या ढीगभर निघाल्या.