हार्ड डिस्क टकटकायला लागली? आधी या चुका टाळा

मे महिन्यातली भर दुपार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून एक अण्णा दुकानात आले. स्कूटरवर पायाशी सीपीयू, आणि तो त्यांच्याच कारखान्याच्या टॉवेलात गुंडाळलेला. टेबलावर ठेवून म्हणाले, "काल संध्याकाळपर्यंत झक्कास चालत होता की ओ."

मी बटण दाबलं. पंखा फिरला आणि आतून आवाज आला. टक्... टक्... टक्. जरा थांबून पुन्हा टक्. मी सरळ वायर ओढून काढली.

"अहो, चालू तरी होऊ द्या!"

"अण्णा, हा रात्रभर असाच चालू होता का?"

होता. पुतण्यानं मोबाईलवर व्हिडिओ बघून चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं अवजार, लावलं होतं. सकाळपर्यंत ते अकरा टक्क्यांवर अडकलं, मग मशीन दोन-तीनदा बंद-चालू करून बघितलं, आणि शेवटी माझ्याकडे. आत काय होतं? टॅलीचा म्हणजे हिशेबाचा डेटा आणि नऊ वर्षांत जमवलेली टॉवेल-चादरीची जकार्ड (मागावर नक्षी विणायची पद्धत) डिझाईन्स. बॅकअप? "आहे की. डी ड्राइव्हला रोज टाकतो."

सोलापूरच्या नवी पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येत नाही.

डी ड्राइव्ह ही वेगळी डिस्क नसते

बहुतेक मशीनमध्ये सी, डी, ई हे एकाच डिस्कचे पाडलेले भाग असतात. एका खोलीत मधे पडदा लावला म्हणून दुसरं घर होत नाही, छत कोसळलं तर दोन्हीकडं कोसळतं. आपल्याकडं काय आहे ते बघायचं असेल तर विंडोजमध्ये स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या बाजूला 'डिस्क ०', 'डिस्क १' असं लिहिलेलं दिसेल. सगळी अक्षरं 'डिस्क ०' च्याच ओळीत असतील तर तुमच्याकडं बॅकअप नाही, एकाच जागी ठेवलेल्या दोन प्रती आहेत.

टकटक ऐकू आल्यावर पुन्हा पुन्हा चालू करून बघणं

डेटा वाचवायला येणाऱ्यांत माझ्या अंदाजानं निम्म्यांचं नुकसान डिस्क बिघडल्यामुळं कमी आणि नंतरच्या धडपडीमुळं जास्त झालेलं असतं. म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या मारतात आणि त्यांच्या वर काही नॅनोमीटर अंतरावर हेड तरंगत असतं. माणसाच्या केसाची जाडी या अंतराच्या दहा हजार पटीहून जास्त. हेडला आपण कुठं आहोत हे चकतीवरच्याच खुणांवरून कळतं. हेड खराब झालं किंवा खुणा वाचता आल्या नाहीत की ते मागं जातं, पुन्हा येतं, पुन्हा शोधतं. ती टकटक म्हणजे हे हेलपाटे. बिघडलेलं हेड चकतीला घासत असेल तर प्रत्येक हेलपाट्यात तुमच्या डेटाचा थर खरवडला जातो. फोटो, टॅली, डिझाईन, सगळं त्या थरात.

अशा वेळी चेकडिस्क लावणं म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला सिद्धेश्वर तलावाभोवती फेऱ्या मारायला लावणं. ते अवजार फाईलींची सूची दुरुस्त करण्यासाठी आहे. ते सगळी डिस्क पालथी घालतं आणि वर तिच्यावर लिहीतही बसतं. डिस्क धडधाकट असून नुसती सूची बिघडली असेल, समजा लाईट गेल्यामुळं, तर चेकडिस्क बरोबर आहे. डिस्कच आजारी असेल तर आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि जी काय दुरुस्ती करायची ती नकलेवर. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो आधी चांगला भाग भराभर उचलतो आणि खराब जागांकडं शेवटी वळतो, त्यामुळं डिस्कनं मधेच मान टाकली तरी बरंचसं हाती आलेलं असतं.

पण हे कधी? डिस्क संथ आहे, फाईल उघडायला मिनिट लागतंय, पण आवाज नेहमीचा आहे, तेव्हा. टकटक किंवा करकर असेल तर घरी काहीच नाही. वीज बंद करून ती डेटा रिकव्हरीच्या लॅबला द्यायची. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा जुना उपाय अजूनही लोक विचारतात. बाहेर काढल्या काढल्या त्यावर दव धरतं, म्हणजे होतं ते पण जातं. आणि स्क्रू उघडून आत डोकावण्याचा मोह तर अजिबात नको. आपल्या गावातली धूळ, त्यात मागावरून उडणारी सुताची बारीक लव, हे सगळं त्या हेडसाठी दगडधोंडेच.

डिस्क आधी सांगत असते, आपण बघत नाही

हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम ती नोंद दाखवतो. निळा चौकोन म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध. दोन ओळींवर नजर ठेवा. '०५' म्हणजे खराब ठरवून बदललेल्या जागा आणि 'सी५' म्हणजे वाचता न आलेल्या, निकाल लागायच्या बाकी असलेल्या जागा. 'सी५' शून्याच्या वर गेला आणि वाढत राहिला तर त्याच दिवशी कॉपी काढायला बसा.

'सी७' वाढत असेल तर मात्र डिस्क टाकू नका. तो आकडा बहुधा डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या साटा केबलचा दोष दाखवतो. शंभर-दीडशेची केबल बदलून बघा. आकडा मागं येत नाही, पण वाढायचा थांबला की समजायचं, काम झालं. चांगल्या डिस्क या एका केबलपायी भंगारात गेलेल्या मी पाहिल्यात.

उन्हाळा आणि लव

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतं. कारखान्याच्या केबिनमध्ये सीपीयू टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवलेला, जाळीवर सुताची गोधडी. आतली डिस्क मग पंचावन्नच्या पुढं जाते. बऱ्याच हार्ड डिस्कची कंपनीनं दिलेली कमाल मर्यादाच साठ असते. महिन्यातून एकदा वायर काढून ब्लोअर मारा, पंख्याची पाती बोटानं धरून, नाहीतर हवेच्या जोरानं तो गरागरा फिरून खराब होतो. आणि डिस्कवर जे बारीक छिद्र असतं, शेजारी 'झाकू नका' अशी इंग्रजीत सूचना असते, त्यावर दुकानाचं स्टिकर लावू नका. हवेचा दाब सारखा ठेवायला ते असतं. (हो, मीही लावलेत.)

एसएसडी घेतली म्हणजे सुटलो, असं समजणं

जुन्या मशीनला एसएसडी, म्हणजे चकत्यांऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, लावणं हा आजही सगळ्यात पैसे वसूल बदल आहे. हार्ड डिस्कला वेगवेगळ्या जागच्या छोट्या फाईली सेकंदाला शंभर-दीडशेच उचलता येतात, कारण हेड प्रत्येक वेळी हलवावं लागतं. एसएसडीत हलणारं काही नाही, तिचा आकडा हजारोंत जातो. विंडोज चालू होताना अशाच हजारो छोट्या फाईली लागतात.

चुका होतात त्या खरेदीत. एम डॉट टू हा नुसता आकार आहे. त्याच आकारात साटाही येते (जुनी, संथ जोडणी) आणि एनव्हीएमईही (नवी, वेगवान). बोर्डावरची खाच एकच जात चालवत असेल तर दुसरी बसते पण दिसत नाही. खरेदीआधी बोर्डाचं मॉडेल बघा. खाच नसेल तर अडीच इंची साटा घ्या, वाईट काहीच नाही त्यात. साटा सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटवर थांबते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३,५०० पर्यंत आणि चौथ्या पिढीची ७,००० पर्यंत जाते. पण टॅली, वर्ड आणि ब्राउझर वापरणाऱ्याला यातला फरक जाणवत नाही. तो जास्तीचा पैसा मी बॅकअपच्या डिस्कवर घालायला सांगतो आणि गिऱ्हाईक नाराज होतं.

एसएसडीचा खरा धोका असा की ती बहुतेकदा टकटक न करता जाते. काल होती, आज बायोसमध्ये (मशीन चालू होताना आधी चालणारा प्रोग्राम) नाव नाही. शिवाय पुसलेली फाईल परत आणणं हार्ड डिस्कवर बऱ्याचदा जमतं. एसएसडीवर विंडोज ट्रिमचा, म्हणजे ही जागा आता नको असा, हुकूम देतं आणि डिस्क ती जागा आतून रिकामी करून टाकते, मग शोधायला काही उरत नाही. एसएसडीवर फोटो भरून कपाटात ठेवून देणंही चूकच. त्यातली माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि तो हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेचं मानक घरगुती एसएसडीकडून, तिचं लिहिण्याचं आयुष्य संपल्यावर, विजेविना ३० अंशाला एक वर्ष माहिती टिकवण्याची अपेक्षा ठेवतं. नवी डिस्क त्याहून पुष्कळ टिकते, पण उष्णता वाढली की मुदत घटते, आणि आपल्याकडच्या पत्र्याखालच्या कपाटात ३० अंश कधी असतात?

नव्या इंटेल लॅपटॉपवर विंडोज टाकताना एसएसडीच दिसत नाही, अशी तक्रार हल्ली वाढलीय. डिस्क खराब नसते. व्हीएमडी, म्हणजे इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय, चालू असतं, त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून दिला की डिस्क दिसते. आणि विंडोज ११ मध्ये बऱ्याच मशीनवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लागणारं कुलूप, आपोआप लागलेलं असतं. बोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट केलं की ते ४८ आकडी किल्ली मागू शकतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती असते. आजच बघून कागदावर उतरवा, कारण ती नसेल तर मी काय, कुणीच काही करू शकत नाही.

एक टीबी घेतली, ९३१ च दिसते

यात दुकानदारानं फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या. मात्र ऑनलाइन चारशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह मिळाला असेल तर तिथं फसवलंय. एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रामनं पूर्ण भरून तपासा.

माझी चूक

दुसऱ्यांच्या चुका सांगतोय तर आपलीही सांगतो. दुकान काढल्याच्या दुसऱ्या वर्षी एका गिऱ्हाइकाची डिस्क क्लोन करत होतो, म्हणजे तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवत होतो. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, दोन्ही ५०० जीबी. सोर्सच्या जागी कोरी निवडली, टार्गेटच्या जागी भरलेली. प्रोग्रामनं विचारलं, नक्की का? मी फोनवर बोलत होतो, 'हो' दाबलं. लक्षात येईपर्यंत कोऱ्या डिस्कचा कोरेपणा भरलेल्या डिस्कवर उतरला होता. त्यांच्या मुलीच्या बारशाचे फोटो होते. तेव्हापासून जुन्या डिस्कवर लाल चिकटपट्टी लावतो, सिरीयल नंबर वाचतो आणि तोवर फोन उचलत नाही.

मग बॅकअप कसा?

दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एक कारखान्यात, एक घरी, आणि आठवड्याच्या सुट्टीला अदलाबदल. कॉपी झाली की केबल काढायची. कायम जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तर बाकीच्यांसोबतच कुलूपबंद होते. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाईल खरंच उघडून बघा. गूगल ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या क्लाउडवर आपोआप सिंक होणारं फोल्डर चांगलंच, पण इथं पुसलं की तिथंही पुसलं जातं, हे ध्यानात असू द्या.

अण्णांची डिस्क पुण्याच्या लॅबला गेली. तीन आठवड्यांनी थोडंफार परत आलं. टॅलीची मार्चपर्यंतची प्रत सीएंच्या ऑफिसात सापडली. डिझाईन्सपैकी बरीच गेली. त्यांच्या गोडाऊनला मात्र वडिलांच्या काळातली, दोऱ्यानं ओवलेली जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं अजून होती. १८०४ सालची युक्ती ती, भोक आहे की नाही एवढ्यावर सगळी नक्षी. संगणकाच्या पंच कार्डाची कल्पनाही पुढं तिथूनच उचलली गेली. काहींना वाळवी लागली होती, पण उरलेली वाचता येत होती.

एका मोराच्या चादरीचं ना कार्ड होतं, ना फाईल. शेवटी अण्णांच्या बहिणीच्या घरी दिवाणावर ती चादर अंथरलेली सापडली. डिझायनर भिंग घेऊन दोन दिवस तिचे धागे मोजत बसला. तयार झालेली नवी फाईल अण्णांनी दोन पेनड्राइव्हवर घेतली, आणि चादर काही बहिणीला अजून परत दिलेली नाही.