फोटो त्यांनी काढला, मग अर्थ आपण का लावतो?

फोटोव्हॉइस ही फोटोंतून लोकांचं जगणं समजून घेण्याची संशोधनपद्धत कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस या संशोधकांनी १९९० च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातल्या ग्रामीण स्त्रियांबरोबर काम करताना घडवली. फोटो काढायचे त्या स्त्रियांनी, निवडायचे त्यांनी आणि त्यावर बोलायचंही त्यांनीच. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती संशोधनात भागीदार असतात, तेव्हा मात्र कॅमेरा तेवढा त्यांच्या हाती येतो आणि बाकीचं सगळं नकळत आपल्याकडेच, म्हणजे संशोधकांकडेच राहतं.

सर्वांत मोठी चूक फोटो निवडताना होते. समजा, एकीने बंद दाराचा फोटो काढलाय. हललेला, कोपऱ्यात तिचंच बोट आलेलं. आपण तो बाजूला सारतो आणि बागेतला छान फोटो उचलतो. तिला विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, "ही माझी खोली. किल्ली ताईंकडे असते." संशोधनाचा गाभाच त्या हललेल्या फोटोत होता! म्हणून सगळे फोटो छापून टेबलावर पसरा आणि निवड त्यांच्यावर सोडा. वेळ लागतो, लागू द्या.

दुसरी अडचण प्रश्नांची. "हे असं का आहे?" हा या पद्धतीतला नेहमीचा प्रश्न. तो अमूर्त आहे. समोरची व्यक्ती गप्प होते आणि आपण समजतो की तिला सांगण्यासारखं काही नाही. त्याऐवजी "इथे कोण होतं?", "तुला हे आवडतं का?", "काय बदलायला हवं?" असं एकेक विचारा आणि थांबा. सलग "हो, हो" येऊ लागलं तर सावध व्हा. समोरच्याला खूश ठेवण्यासाठी हो म्हणायची सवय अनेकांना लागलेली असते. प्रश्न उलटा करून विचारा, दोन पर्याय द्या, फोटोवर बोट ठेवायला सांगा. शब्दांत बोलता येत नसेल, तर चित्रं आणि खुणा आहेतच.

सोबत आलेले पालक किंवा काळजीवाहक उत्तर देऊ लागले, तर त्यांना प्रेमाने थांबवा. त्यांचं म्हणणं मोलाचं आहे, पण ते वेगळं नोंदवा.

संमती एकदाच घेऊन चालत नाही. सोप्या भाषेतला, चित्रांचा फॉर्म हवा. फोटो काढताना, निवडताना आणि प्रदर्शनात लावताना पुन्हा विचारायला हवं. चेहरा फिरवणं, उठून जाणं हाही नकारच. फोटोत आलेल्या इतरांची परवानगी कशी मागायची, याचा आधी सराव करून घ्या.

आणि चेहरे झाकण्याची, नावं बदलण्याची घाई करू नका. गोपनीयता जपायलाच हवी, पण कुणाला आपल्या फोटोखाली आपलंच नाव हवं असेल, तर? धोके समजावून सांगा, मग त्यांना ठरवू द्या. मानधनाचंही तसंच. तुम्हाला कामाचे पैसे मिळतात, मग सहसंशोधकाच्या हातात फक्त प्रमाणपत्र का?