आधी बारगीर, मग शिलेदार

थंडी पडली की मला फोन सुरू होतात. "ताई, घोडेस्वारी शिकायची आहे. आणि एक घोडी पण पाहून ठेवली आहे, स्वस्तात मिळते आहे." पहिलं वाक्य ऐकून बरं वाटतं. दुसरं ऐकलं की माझ्याच पोटात गोळा येतो, कारण पाच वर्षांपूर्वी हेच वाक्य मी बोलले होते.

मी मूळची नागपूरच्या महाल भागातली. बी.कॉम. केलं, दोन वर्षं हिशेब लिहिले, मग रामटेकजवळच्या एका फार्मवर रविवारी रपेटीला जाता जाता तिथेच राहिले. आता मुलांना शिकवते, पागा बघते. हे काम कसं मिळतं, पगार किती, हे सगळे विचारतात. पगार कमी आहे. पहिल्या वर्षी तर हिशेब लिहिताना मिळायचे त्याच्या निम्मे मिळाले. पुढे सांगते ते ऐकूनही यावंसं वाटलं तर जरूर या, माणसं खरंच कमी आहेत.

आपण भोसल्यांच्या गावचे, म्हणून एक जुनी गोष्ट. मराठ्यांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असायचे. शिलेदाराचा घोडा आणि हत्यारं स्वतःची. बारगिराला दोन्ही सरकारातून मिळायचं. १७४० च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा तिकडच्या लोकांनी या 'बारगीर' शब्दाचाच 'बर्गी' केला, आणि तो तिथे अजून विसरलेले नाहीत. आपल्याकडे मात्र ज्याला त्याला पहिल्याच दिवशी शिलेदार व्हायचं असतं. मलाही व्हायचं होतं.

शिकायला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. दुडकी चालीवर मांड जमली होती, एकदा चौखूरही झालं होतं, आणि डोक्यात हवा गेली होती. वरातीतून काढलेली एक पांढरी घोडी मी घेतली. नाव चांदणी. विकणाऱ्याने अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवर अर्धा तास व्याख्यान दिलं, कुठला भोवरा शुभ नि कुठला घरबुडव्या. मी भोवरे बघत बसले. दात बघायला हवे होते, वय दातांवरून कळतं. चारही खूर उचलून बघायला हवे होते. ग्लँडर्ससाठी रक्त तपासलंय का, हे विचारायला हवं होतं. त्याचा नमुना पशुवैद्यकीय खात्यामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातो. हा रोग माणसालाही होतो आणि घोड्यात निघाला तर कायद्याने त्याला मारावंच लागतं. माझं नशीब, चांदणीचं रक्त स्वच्छ निघालं. पण ते मी घेतल्यानंतर तपासलं, आधी नाही.

खरा घोटाळा पुढे झाला, खुराकात. इथे मी जरा लांबण लावणार आहे.

वरातीतली घोडी म्हणजे बिचारी हडकुळी. कडबा मिळेल तेवढा, वर मूठभर चणे. मला तिची दया आली. गावात ज्याला विचारावं तो म्हणायचा, घोड्याला हरभरा द्या, हरभऱ्यावर घोडा दौडतो. मी पहिल्या आठवड्यातच दोन वेळचा मिळून तीन किलो भिजवलेला हरभरा सुरू केला. चारा म्हणून रामटेकात काय मिळतं? धानाचं तणस आणि सोयाबीनचं कुटार. ते ती नीट खाईना, मीही आग्रह केला नाही. हरभरा खाते आहे ना, मग झालं.

आमचे मोतद्दार काका, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, एकदाच बोलले होते: "हे म्हैस नोहे, पोरी. इले उलटी होत नाही. जे आत गेलं थे मांगूनच निघन." मी हसून सोडून दिलं. काकांकडे सर्टिफिकेट नव्हतं ना!

त्या एका वाक्यात सगळं आहे, म्हणून उकलून सांगते. गाय-म्हैस चार कप्प्यांच्या पोटात चारा साठवते, मग निवांत रवंथ करते. घोड्याचं जठर अंगाच्या मानाने फार लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं. तो दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत राहायला बनलेला आहे. दाणा एकदम जास्त झाला की न पचलेला पिठूळ भाग मागच्या मोठ्या आतड्यात जातो, तिथे आंबतो, वायू धरतो. आणि घोड्याला उलटी करता येत नाही. वरचा रस्ता बंद, खालचा तुंबला, म्हणजे पोट फुगणार. याला कोलिक म्हणतात, जुने लोक पोटशूळ म्हणतात. घोड्याच्या मरणाचं हे एक मोठं कारण आहे.

फेब्रुवारीतली रात्र होती. साडेनऊला मी तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, चढवायला गेले तर चांदणीने तोंड फिरवलं. वाटलं, नखरे. मग ती मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघायला लागली. पुढच्या उजव्या पायाने जमीन उकरायला लागली. मी, शहाणी, तिचा व्हिडिओ काढला. अकराला ती खाली बसली, लोळली, उठली, पुन्हा लोळली. काका धावत आले. त्यांनी आधी जमिनीकडे पाहिलं. "लीद कव्हा टाकली हिनं?" मला सांगता येईना. मग त्यांनी माझं डोकं धरून कान तिच्या कुशीला लावला. घोड्याच्या पोटात सदा गुडगुड चालू असते, लांबून ढग वाजावेत तशी. त्या रात्री आत काहीच नव्हतं. बंद घराच्या भिंतीला कान लावावा, तसं.

पहिले डॉक्टर जवळचे. प्रामाणिक माणूस, म्हणाले मी गायी-म्हशींचा आहे, दुखणं कमी करायचं इंजेक्शन देतो, पण घोड्याचा जाणता बोलवा. तो जाणता नागपूरहून, जवळपास पन्नास किलोमीटरवरून यायचा. तोवर एक जण म्हणाला पळवा हिला, दुसरा म्हणाला अर्धा लिटर गोडं तेल पाजा. काकांनी दोघांनाही हाकललं. जबरदस्तीने बाटलीतून पाजलेलं फुप्फुसात जाऊ शकतं, तेल नळीनेच घालायचं आणि ते डॉक्टरनेच. आम्ही तिला फक्त हळूहळू चालवत राहिलो. डॉक्टर पोचले तेव्हा दीड वाजला होता. नाकातून नळी आत सरकवली, वायू फुसकन बाहेर आला, मग तेल घातलं. पहाटे सव्वाचारला चांदणीने चार गोळे लीद टाकली. मी त्या लिदीकडे बघून रडले. अजून कोणाला पटत नाही, पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण विचारलात तर तोच सांगेन.

तर, चारा आधी, दाणा नंतर. घोड्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा रोज पोटात गेलाच पाहिजे. साडेतीनशे किलोची घोडी असेल तर पाच ते सात किलो. कडबा कापून द्या, चांगलं वाळलेलं गवत शोधा, पैसे जास्त गेले तरी चालतील. तणस निकृष्ट, कुटारात धूळ फार, खोकला लागतो. दाणा वजन करून, थोडा थोडा, दोन-तीन वेळा. कुठलाही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करायचा. पाणी सतत समोर. आणि विसाव्यात नाडी मोजायला शिका. जबड्याच्या हाडाखाली बोट फिरवलं की दोरीसारखी शीर लागते, पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. तीस-चाळीसच्या आसपास असेल तर शांत झोपा. साठ असेल तर डॉक्टरला उठवा, रात्रीचे किती वाजलेत ते बघू नका.

एवढं वाचून घाबरला असाल तर चांगलंच आहे. पण सोडून देऊ नका. हे सगळं दुसऱ्याच्या पागेत फुकट शिकता येतं, एवढंच म्हणणं आहे.

एकवीस दिवसांत स्वार करून देणारे वर्ग निघालेत. एकवीस दिवसांत फोटो निघतो. गुरू धरायचा तर मोतद्दार धरा किंवा नालबंद. दीड-दोन महिन्यांनी नालबंद येतो तेव्हा त्याच्या बाजूला बसून खूर धरा, शिकवणीच्या दहा तासांत कळत नाही ते कळेल. जो गुरू घोड्याला खरारा करायला, म्हणजे घासून साफ करायला, न लावता तुम्हाला थेट खोगिरावर बसवतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. ओरडणारा चालेल. कॉलेजात असाल आणि तिथे एनसीसीची रिमाउंट अँड व्हेटरनरी, म्हणजे घोड्यांची, शाखा असेल, तर तिच्याइतकी स्वस्त आणि कडक शाळा दुसरी नाही.

फेट्याची हौस लग्नात भागवा, इथे हेल्मेट. बूट टाचेचे हवेत, नाहीतर पाय रिकिबीत आत घुसतो आणि घोडा फरपटत नेतो. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदा आवळून बसायचं नाही. घोडी पोट फुगवून धरते, दोन मिनिटं चालवून पुन्हा आवळायचा.

रपेटीला रामटेकसारखी जागा नाही. खिंडसी तलावाच्या काठाने पहाटे निघा, नाहीतर नगरधनच्या किल्ल्याकडे. वाकाटक राजांची जुनी राजधानी नंदिवर्धन ती हीच, उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताची मुद्रा तिथे सापडली. धानाच्या बांध्यांवर घोडा घालू नका. धुरा, म्हणजे बांध, फुटतो, शेतकऱ्याच्या शिव्या रास्त असतात. गडमंदिराच्या वाटेला नवखा घोडा नेऊ नका, माकडं अंगावर येतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत तर नकोच. गंमत म्हणजे चांदणीला डीजे, फटाके, गर्दी कशाचंच काही नाही, आयुष्य वरातीत गेलं. ती घाबरते वाऱ्यावर उडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीला. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा साडेसातनंतर कोणी कितीही पैसे दिले तरी मी खोगीर चढवत नाही. गिऱ्हाईक रुसतं. रुसू दे.

चांदणी आता माझी नाही. त्या फेब्रुवारीनंतर मी तिला फार्मच्या पागेत दिली, त्यांच्या वहीत तिचं नाव चढलं, आणि माझं नाव तिच्या समोर, मोतद्दार या रकान्यात. शिलेदाराची पुन्हा बारगीर झाले. आता खुराक काका मोजतात, मी फक्त देते.

यायचं असेल तर रविवारी पहाटे पाचला या. फुल पँट, टाचेचे बूट, पाण्याची बाटली. चांदणीच्या ठाणाला दाराच्या डाव्या हाताला लीद उचलायचं टोपलं आहे. किती गोळे निघाले ते मोजून मला सांगा, मग पुढचं बोलू.