व्हर्च्युअल लिनक्स सर्व्हर सांभाळताना या चुका टाळा

व्हर्च्युअल मशीनवर चालणाऱ्या लिनक्स सर्व्हरमध्ये लॉगिन केल्यावर सगळे काही प्रत्यक्ष यंत्रासारखेच दिसते, आणि बिघाड शोधताना होणाऱ्या बहुतेक चुका या दिसण्यावर विसंबल्यामुळे होतात. गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधील प्रणाली, ज्याला आपली डिस्क समजतो ती होस्टवरची, म्हणजे ती मशीन चालवणाऱ्या प्रत्यक्ष यंत्रावरची, एखादी फाइल किंवा एलव्हीएम व्हॉल्यूम (डिस्कचा आखून दिलेला भाग) असते, ज्याला तो प्रोसेसर समजतो तो होस्टवरचा एक थ्रेड असतो. म्हणूनच तक्रार आल्यावर बिघाड गेस्टमध्ये आहे की होस्टमध्ये, हे ठरवल्याशिवाय कोणत्याही सेटिंगला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. पुढील विवेचन केव्हीएम या लिनक्समधील व्हर्च्युअल मशीन चालवण्याच्या सुविधेला धरून केले आहे. केव्हीएम २००७ सालच्या २.६.२० या आवृत्तीपासून लिनक्स कर्नलचाच भाग असल्यामुळे होस्टवर प्रत्येक व्हर्च्युअल मशीन ही एक साधी प्रोसेस असते आणि नेहमीच्या साधनांनीच तिची तपासणी करता येते.

संथ सर्व्हरला आणखी प्रोसेसर देणे

सर्व्हर मंदावला की व्हर्च्युअल प्रोसेसरची संख्या वाढवणे ही सर्वांत प्रचलित चूक आहे. आधी गेस्टमध्ये ‘टॉप’ चालवून प्रोसेसरच्या ओळीतील ‘एसटी’ हा आकडा पाहावा. गेस्टला काम करायचे होते, पण होस्टने त्याला प्रोसेसर दिला नाही, असा वेळ त्यात मोजला जातो. हा आकडा सतत चढा असेल तर होस्टवर गर्दी झालेली आहे, आणि अशा वेळी प्रोसेसर वाढवल्यास गर्दीत भरच पडते. शिवाय एखादा लॉक धरून बसलेला व्हर्च्युअल प्रोसेसरच होस्टने बाजूला काढला, तर त्या लॉकसाठी थांबलेले इतर प्रोसेसरही खोळंबतात, त्यामुळे चार प्रोसेसरचे मशीन आठ प्रोसेसर दिल्यावर अधिक मंद चालल्याचेही दिसू शकते. काही हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणाली) हा आकडा गेस्टला कळवत नाहीत, म्हणून तिथे शून्य दिसले तरी होस्टवरची स्थिती तपासावीच.

लोड ॲव्हरेजचा, म्हणजे चालू किंवा ताटकळत असलेल्या प्रोसेसच्या सरासरी संख्येचा, अर्थ लावतानाही अशीच गफलत होते. लिनक्समध्ये डिस्कची वाट पाहत अडकलेल्या, म्हणजे ‘डी’ स्थितीतील प्रोसेसही त्यात मोजल्या जातात. लोड चढा, प्रोसेसर मोकळा आणि ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ) वाढलेला असेल, तर शोध स्टोरेजकडे वळवावा.

मेमरीबाबतची एक गोष्ट मात्र गेस्टमधून कधीच उलगडत नाही. होस्टवर प्रत्यक्षात असलेल्या मेमरीपेक्षा अधिक मेमरी गेस्टना वाटून दिलेली असेल आणि ती खरोखर वापरली गेली, तर होस्टचा ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस बंद करणारी कर्नलची यंत्रणा) एखाद्या व्हर्च्युअल मशीनची संपूर्ण प्रोसेसच मारून टाकतो. गेस्टच्या लॉगमध्ये कसलीही त्रुटी नसते, नोंदी मधेच तुटलेल्या असतात, आणि कारण फक्त होस्टच्या कर्नल लॉगमध्ये लिहिलेले असते.

स्नॅपशॉटला बॅकअप मानणे

या चुकीचे परिणाम सर्वांत गंभीर असतात. क्यूकाऊ-टू या फाइल-स्वरूपातील डिस्कवर बाह्य स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेतला की मूळ फाइल तशीच गोठवली जाते आणि पुढचे सगळे लेखन एका नव्या ओव्हरले फाइलमध्ये होऊ लागते. ही ओव्हरले फाइल स्वतंत्र प्रत नसते, तिच्यात फक्त बदल असतात. त्यामुळे मूळ फाइल खराब झाली, हलवली गेली किंवा कोणी तिच्यात थेट बदल केला, तर तिच्यावर उभी असलेली सगळी साखळी निकामी होते. जागा मोकळी करण्यासाठी साखळीतील ‘जुनी’ वाटणारी फाइल हाताने पुसणे म्हणजे डेटा घालवणे होय. स्नॅपशॉटची गरज संपल्यावर ‘व्हर्श’ या व्यवस्थापन-साधनाच्या ‘ब्लॉककमिट’ आदेशाने तो रीतसर मूळ डिस्कमध्ये विलीन करावा, आणि मशीन चालू असताना तिच्या डिस्कवर ‘क्यूइमू-इमेज’ या डिस्क-फाइल हाताळणाऱ्या साधनाचे बदल करणारे आदेश कधीही चालवू नयेत. अपडेटपूर्वी घेतलेले आणि नंतर विसरलेले स्नॅपशॉट साचत जातात तशी साखळी लांबते आणि वाचनाचा वेगही घटू शकतो.

स्नॅपशॉट आणि मूळ डिस्क एकाच स्टोरेजवर असतील, तर ते स्टोरेज गेल्यावर दोन्ही जातात, हे वेगळे सांगायला नको. त्याहून कमी लक्षात येणारी बाब सुसंगतीची आहे. चालू मशीनची डिस्क जशीच्या तशी टिपली, तर ती वीज अचानक गेल्यावर उरणाऱ्या डिस्कसारखी असते, कारण गेस्टच्या मेमरीतील न लिहिलेला मजकूर तिच्यात नसतो. गेस्टमध्ये क्यूइमू गेस्ट एजंट (होस्टच्या सूचना पाळणारा प्रोग्रॅम) बसवला, तर टिपण्यापूर्वी फाइलसिस्टम काही क्षण गोठवता येते. डेटाबेससाठी मी एवढ्यावर समाधान मानणार नाही. त्याच्या स्वतःच्या साधनाने घेतलेला बॅकअप वेगळा हवा, आणि तो दुसऱ्या मशीनवर पूर्ववत करून पाहिलेला हवा.

‘पॉज’ झालेल्या मशीनला रीसेट मारणे

थिन प्रोव्हिजनिंगमध्ये, म्हणजे डिस्कची जागा लागेल तशीच दिली जाते तेव्हा, सर्व गेस्टना मिळून दाखवलेली जागा प्रत्यक्ष पूलपेक्षा (सामाईक साठ्यापेक्षा) जास्त असू शकते. पूल भरला की क्यूइमू (होस्टवर मशीन चालवणारा प्रोग्रॅम) त्या लेखनाची त्रुटी गेस्टला कळवण्याऐवजी सहसा मशीनच थांबवून ठेवतो. गेस्टमधून ‘डीएफ’ने पाहिले असते तर भरपूर जागा शिल्लक दिसली असती, म्हणून प्रशासक गोंधळतो आणि मशीन जबरदस्तीने बंद करतो. त्याची गरज नसते. होस्टवर ‘व्हर्श डॉमब्लॉकएरर’ने कारण पाहावे, पूलमध्ये जागा करावी आणि मशीन ‘रिझ्यूम’ करावी, म्हणजे अडलेले लेखन पुढे सुरू होते. गेस्टमध्ये फाइली पुसल्याने पूलमधील जागा आपोआप परत मिळत नाही. त्यासाठी व्हर्च्युअल डिस्कवर डिस्कार्ड (मोकळी झालेली जागा होस्टला कळवण्याची सोय) चालू असावे लागते आणि गेस्टमध्ये ‘एफएसट्रिम’ नियमित चालावे लागते. सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीचा त्यासाठीचा टायमर आठवड्यातून एकदा चालतो.

मशीन बराच वेळ थांबून पुन्हा सुरू झाल्यावर तिचे घड्याळ मागे राहिले आहे का, हेही पाहावे. घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीच्या अनेक लिनक्स वितरणांतील मूळ सेटिंगनुसार घड्याळाला एकदम उडी मारण्याची मुभा फक्त पहिल्या तीन अपडेटपुरती असते, नंतर फरक हळूहळू भरून काढला जातो. कर्बेरॉस ही लॉगिन पडताळणारी प्रणाली साधारणपणे पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही, त्यामुळे लॉगिन अचानक नाकारले जाऊ लागले तर पासवर्ड बदलत बसण्याऐवजी ‘क्रोनीसी मेकस्टेप’ चालवावे.

क्लोन तसाच वापरणे

तयार मशीनची प्रत काढली की तिच्याबरोबर मशीन-आयडी (प्रत्येक मशीनची वेगळी ओळख) आणि एसएसएचच्या होस्ट की (दूरस्थ लॉगिनवेळी सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) यासुद्धा येतात. सिस्टमडी-नेटवर्कडी ही नेटवर्क सेवा डीएचसीपीसाठीची (आपोआप आयपी मिळवण्यासाठीची) ओळख मशीन-आयडीवरून तयार करते, म्हणून मॅक पत्ता वेगळा असूनही दोन क्लोन एकाच आयपीसाठी भांडताना दिसतात. साचा बनवतानाच ‘व्हर्ट-सिसप्रेप’ चालवून या खुणा पुसाव्यात.

नेटवर्कमध्ये नको तिथे शोध घेणे

होस्टवर डॉकर (कंटेनर चालवणारे साधन) बसवल्यानंतर ब्रिजवरील (होस्टमधील आभासी स्विचवरील) व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क बंद पडल्यास गेस्टचे फायरवॉल उलगडण्यात वेळ घालवू नये. डॉकर होस्टच्या फॉरवर्ड साखळीचे (पुढे पाठवायच्या पॅकेटसाठीच्या फायरवॉल नियमांचे) धोरण ‘ड्रॉप’ करू शकतो, आणि ‘बीआर-नेटफिल्टर’ मॉड्यूल सक्रिय असल्यास ब्रिजवरची पॅकेटही त्याच चाळणीतून जातात. एसएसएच जुळते पण मोठी यादी मागितली की गोठते, हे एमटीयूच्या (पॅकेटच्या कमाल आकाराच्या) घोटाळ्याचे लक्षण आहे. व्हीएक्सलॅन या आभासी जाळ्याचे आवरण प्रत्येक पॅकेटला साधारण ५० बाइट जोडते, म्हणून अशा जाळ्यावर गेस्टचे १५०० चे एमटीयू मोठे ठरते. पॅकेटचे तुकडे करण्यास मनाई करून १४७२ बाइटचे (हेडर धरून १५००) पिंग पाठवले की खरे-खोटे लगेच कळते.

कन्सोलची सोय न पाहता रीबूट करणे

एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) ‘व्हीडीबी’ अशा नावाने डिस्क लिहिली आणि पुढे डिस्कचा क्रम बदलला, तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये (दुरुस्तीपुरत्या मर्यादित स्थितीत) अडकते. त्याऐवजी यूयूआयडी (क्रम बदलला तरी न बदलणारी ओळख) वापरावा, आणि जी डिस्क नसली तरी चालेल तिला ‘नोफेल’ पर्याय द्यावा. सिरियल कन्सोलसाठी कर्नलच्या बूट पर्यायांत ‘टीटीवायएस०’ जोडून ‘व्हर्श कन्सोल’ने आत जाता येते का, हे सर्व्हर सुस्थितीत असतानाच पाहावे. अनेक क्लाउड इमेजमध्ये रूट खाते कुलूपबंद असते आणि इमर्जन्सी मोड कन्सोलवरही आत घेत नाही. मग ती डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून एफएसटॅब दुरुस्त करावी लागते. तसे करण्यापूर्वी मूळ मशीन पूर्ण बंद असल्याची होस्टवरून खात्री करावी, कारण एक्सटी-फोर किंवा एक्सएफएस फाइलसिस्टम एकाच वेळी दोन मशीनवर माउंट होऊन लिहिली गेली, तर तिची रचनाच बिघडते.