जुनी ‘स्टार ट्रेक’ पुन्हा बघताय? या चुका टाळा

बेळगावात पावसानं जोर धरला की संध्याकाळी बाहेर पडायची सोय राहत नाही. अशा दिवसांत पुष्कळ घरांत जुन्या मालिका निघतात. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानातल्या माणसांची अमेरिकन मालिका बघितलेली पोरं आता पन्नाशीच्या पुढं गेलीत, आणि त्यांच्याकडून एकच तक्रार ऐकू येते: “तेव्हा काय भारी वाटायची, आता बघवत नाही की हो!”

मला हे पटत नाही. 1966 ते 1969 या काळातले 79 भाग आहेत तसेच आहेत. बिघडते ती बघायची रीत. आपण मालिका बघायला बसतच नाही, लहानपणीचं वाटणं शोधायला बसतो. ते सापडलं नाही की खापर मालिकेवर. म्हणून नेहमी होणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय इथं लिहितोय. यातल्या काही तर टीव्हीच्या रिमोटवरच मिटतात.

चित्र ताणून बघणं

ही मालिका 4:3 या मापाच्या, म्हणजे जवळपास चौकोनी पडद्यासाठी बनली. आजचे टीव्ही आडवे लांब. स्क्रीन भरून दिसावी म्हणून कुणीतरी चित्र ताणून ठेवतं आणि यानाचा कॅप्टन कर्क याचा चेहरा भाकरीसारखा पसरतो. ‘झूम’ केलं तर डोकी कापली जातात. सेटिंगमध्ये ‘पिक्चर साइज’ किंवा ‘आस्पेक्ट रेशो’ शोधा, 4:3 किंवा ‘ओरिजिनल’ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्या. दहा मिनिटांत डोळ्यांना सवय होते.

दुसरी अडचण जास्त छुपी. मालिका फिल्मवर चित्रित झाली, सेकंदाला 24 चित्रं. नवे टीव्ही हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून मधली चित्रं स्वतः तयार करून घालतात. त्यामुळं अंतराळयानाचा सेट एकदम प्लायवुडचा वाटायला लागतो, आणि आपण म्हणतो, किती स्वस्तातलं काम! हा दोष टीव्हीचा. कंपनीगणिक या सोयीचं नाव वेगळं असतं, पण ‘मोशन’ असा शब्द त्यात बहुतेक असतोच. ती बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावा. रंग भडक करणाऱ्या ‘व्हिव्हिड’ मोडवर मात्र चुकूनही ठेवू नका. मालिकेतले लाल, पिवळे, निळे गणवेश मुळातच भडक आहेत, कारण तेव्हा अमेरिकेत रंगीत टीव्ही नुकते घरोघर जात होते.

संवाद बारीक आणि संगीत मोठं येत असेल तर आवाजाचं आउटपुट ‘स्टिरिओ’वर आणा. खानापूरकडं पत्र्यावर पाऊस वाजत असताना तेवढ्यानंही भागत नाही. तिथं सरळ इंग्रजी सबटायटल लावलेलं बरं.

पहिल्या भागापासून सुरुवात करण्याचा हट्ट

“बघायची तर पहिल्यापासून, ओळीनं.” हा हट्ट या मालिकेला लागू पडत नाही, कारण भाग बनले एका क्रमानं आणि दाखवले गेले दुसऱ्याच. ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ हा नमुन्यादाखल बनवलेला भाग प्रसारणात तिसरा आला. त्यात गणवेश वेगळे आहेत, यानावरचा डॉक्टर मॅकॉय नाहीच, आणि एका थडग्याच्या दगडावर कर्कच्या नावातलं मधलं अक्षर ‘आर’ कोरलंय, जे पुढं कायमचं ‘टी’ झालं. ओळीनं बघणारा इथं गोंधळतो आणि आपलंच काहीतरी सुटलं असं समजून मागं जातो. त्याच्याही आधी बनलेला ‘द केज’ हा नमुनाभाग वाहिनीनं नाकारला होता. त्यात कॅप्टनच वेगळा आहे. तो मूळ रूपात टीव्हीवर यायला 1988 उजाडलं. तोवर त्यातली दृश्यं ‘द मेनॅजरी’ या दोन भागांच्या कथेत वापरून झाली होती.

प्रत्येक भाग स्वतंत्र कथा आहे. तेव्हा सुरुवात चांगल्या भागानं करा आणि मग हवं तसं पुढं-मागं फिरा. माझी पसंती ‘द कॉर्बोमाइट मनूव्हर’. नियमित मालिका म्हणून चित्रित झालेला हा पहिला भाग. माणसं, यान, विनोद, सगळं यात जागच्या जागी बसलेलं आहे.

सेट आणि रबर बघून हसणं

‘अरीना’ या भागात कर्कची झुंज गॉर्न नावाच्या सरड्यासारख्या प्राण्याशी होते. माझा भाचा तो बघताना ओरडला, “मामा, हे रबराचं हाय की!” रबराचंच आहे. पण मी त्याला म्हटलं, आता त्याचं रबर बघू नको, कर्क काय करतोय ते बघ. दगड, बांबू, गंधक, कोळसा गोळा करून तो तोफ बनवतो, आणि शत्रू हातात सापडल्यावर त्याला मारायचं नाकारतो. पोरगं शेवटपर्यंत बसलं.

या मालिकेत पैसा कमी आणि डोकं जास्त लावलंय. हे कळलं की जुने सेट बघायला वेगळीच मजा येते. माणसं एका जागी विरघळून दुसरीकडं उमटतात तो ट्रान्सपोर्टर घ्या. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवायचं तर खर्च परवडणारा नव्हता, म्हणून ही युक्ती निघाली. ती चमचम म्हणजे प्रकाशाच्या झोतात पडणारी ॲल्युमिनियमची पूड.

मला सगळ्यांत आवडते ती मिठाच्या भांड्यांची गोष्ट. ‘द मॅन ट्रॅप’मधला प्राणी मिठावर जगतो. त्यासाठी विचित्र आकाराची मिठाची भांडी विकत आणली गेली. मग लक्षात आलं, ही भांडी इतकी वेगळी दिसतात की त्यात मीठ आहे हे प्रेक्षकाला कळणारच नाही. कथेसाठी साधी भांडी वापरली आणि ती विचित्र भांडी डॉक्टर मॅकॉयच्या पेटीत शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणून गेली. पुढच्या वेळी मॅकॉय रुग्णावर ते चकचकीत नळकांडं फिरवताना दिसला तर थांबवून नीट बघा.

यानाची मोठी प्रतिकृती 11 फुटांची होती. आता ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिच्या डाव्या बाजूनं दिव्यांच्या तारा बाहेर यायच्या, म्हणून कॅमेऱ्यापुढं उजवी बाजूच यायची. त्यामुळं यान बहुतेक वेळा पडद्यावर डावीकडून उजवीकडं जातं.

2006 पासून या भागांतली यानाची दृश्यं संगणकावर नव्यानं बनवली गेली. ती वाईट नाहीत, पण पहिल्यांदा पुन्हा बघताना जुनीच बघावीत असं माझं ठाम मत आहे. ब्लू-रेवर दोन्ही मिळतात. नव्या दृश्यांतला ग्रह फार सफाईदार दिसतो आणि लगेच पुढं 1966 चा सेट येतो. सांधा डोळ्यांना खटकतो.

विज्ञानातल्या चुका मोजत बसणं

विज्ञानाचे शिक्षक आणि इंजिनिअर मंडळी या चुकीत हमखास अडकतात. ‘बॅलन्स ऑफ टेरर’ या भागात शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून यानातली माणसं कुजबुजत बोलतात. अंतराळात हवा नाही, मग आवाज जाणार कसा? प्रश्न बरोबर आहे. पण कथेचा साचा पाणबुडीच्या लढाईचा आहे. दोन कप्तान, दोघांनाही समोरचा दिसत नाही, दोघंही समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचा प्रयत्न करतात. कुजबूज त्या साच्यातून आली. चूक वहीत नोंदवा आणि पुढं बघा, कारण हा भाग चुकवण्यासारखा नाही.

या भागाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. सुरुवात यानावरच्या एका लग्नानं होते. कर्क लग्न लावायला उभा, तेवढ्यात धोक्याचा इशारा वाजतो आणि लग्न राहून जातं. सीमेवरची ठाणी कुणीतरी उडवतंय. पलीकडं रोम्युलन, म्हणजे परग्रहावरचे जुने शत्रू. त्यांच्याशी शंभर वर्षांपूर्वी युद्ध झालं, तह झाला तोही रेडिओवरून, त्यामुळं त्यांचा चेहरा कुणीच बघितलेला नाही. पहिल्यांदा पडद्यावर तो चेहरा येतो तेव्हा सगळे यानावरच्या टोकदार कानांच्या परग्रही अधिकाऱ्याकडं, मिस्टर स्पॉककडं बघतात. तसेच कान, तशाच भुवया. स्टाइल्स नावाच्या अधिकाऱ्याचे पूर्वज त्या युद्धात गेलेले, आणि त्या क्षणापासून तो रोज शेजारी काम करणाऱ्या स्पॉकवर संशय घ्यायला लागतो. कर्क त्याला सगळ्यांसमोर झापतो. पुढं त्याच स्टाइल्सचा जीव स्पॉक वाचवतो.

सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हा भाग जास्त लागतो, लागायलाच हवा. 1956 मध्ये रेषा आखली गेली. तेव्हापासून आमच्याकडं हा प्रश्न घरातल्या मोठ्यांकडून लहानांकडं येत राहिलाय. आणि त्याच आमच्या गल्लीत दुधवाला कन्नड बोलतो, आम्ही मराठी बोलतो, हिशेब दोन्ही भाषांत होतो. आपल्या हक्काची मागणी वेगळी आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याच्यावर संशय घेणं वेगळं. हा फरक स्टाइल्सला कळत नाही. लहानपणी मी हा भाग लढाई म्हणून बघितला होता. आता मला रोम्युलन कप्तानच जास्त दिसतो, युद्धाला कंटाळलेला, हुकमाला बांधलेला. मार्क लेनार्ड यांनी ती भूमिका केलीय. याच नटानं नंतर ‘जर्नी टू बेबेल’मध्ये स्पॉकच्या वडिलांचं काम केलं. दोन्ही भाग लागोपाठ बघा, अभिनयातला फरक लक्षात येईल. आणि ज्याचं लग्न राहून गेलं, तोच मुलगा या लढाईत मरतो. कर्क त्या मुलीला भेटायला जातो तो प्रसंग मुद्दाम लांबवलेला नाही, म्हणून जास्त टोचतो.

तिसरा सीझन गाळणं

तिसऱ्या सीझनचं नाव वाईट आहे. पैसा कमी केला, वेळ शुक्रवारी रात्री दहाची दिली, आणि सुरुवातच ‘स्पॉक्स ब्रेन’ या कमकुवत भागानं झाली. पण सगळंच टाकाऊ नाही. ‘लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफील्ड’मध्ये एकाचा चेहरा उजवीकडं काळा, दुसऱ्याचा डावीकडं, आणि तेवढ्यावरून पिढ्यान् पिढ्यांचं वैर. कथा जरा भाषण देते, तरी शेवट हलवून सोडतो. गाळायचेच असतील तर बघून गाळा.

एका बैठकीत सहा भाग, आणि घरच्यांवर सक्ती

आठवड्याला एक भाग यावा अशा बेतानं हे लिहिलं गेलंय. सलग बघितलं की कर्कची ठरावीक हाणामारी आणि मॅकॉय-स्पॉकची भांडणं डोळ्यांवर येतात. एक किंवा फार तर दोन भाग, मग बंद.

पोरांना “आमच्या काळी काय होतं बघा” म्हणत बसवू नका. आईला किंवा शेजारच्या काकूंना बोलावणार असाल तर कथेचा सांधा चार वाक्यांत आधीच मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगून टाका. मध्ये दर मिनिटाला भाषांतर करत राहिलात तर ना तुम्हाला बघायला मिळतं, ना त्यांना. अशा मिश्र बैठकीला ‘द डेव्हिल इन द डार्क’ उत्तम. खाणीत कामगारांना मारणारा राक्षस म्हणून ज्याच्या मागं सगळे लागलेत, ती आपली अंडी राखणारी आई निघते. भाषा येवो न येवो, हे कुणालाही कळतं.

आणि पावसात लाइट नि नेट दोन्ही जातात, तेव्हा भाग आधीच मोबाइलवर उतरवून ठेवा. उतरवलेल्या भागांना बऱ्याच ॲपवर मुदत असते, म्हणून ज्या आठवड्यात बघणार त्याच आठवड्यात उतरवा. पहिल्या खेपेला ‘द कॉर्बोमाइट मनूव्हर’, ‘बॅलन्स ऑफ टेरर’, ‘द डेव्हिल इन द डार्क’ आणि ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ हे चार पुरेत. चौथा शेवटी ठेवा आणि त्या रात्री त्यानंतर दुसरं काही लावू नका.